पिकअप गाडीचें गुंडाळतें आच्छादन

(नभोवाणीवरील भाषण)

उघड्या गाडींतून माल नेणाऱ्या माणसाचें अर्धें लक्ष रस्त्याकडे असतें, तर अर्धें आभाळाकडे. आपल्याकडे मालमोटारीवर ताडपत्री टाकून ती दोरखंडानें आवळण्याची रीत आहे व ती सर्वांच्या नित्य पाहण्यांतली आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘पिकअप’ नांवाच्या लहान मालवाहू मोटारीचा प्रसार फार मोठा असल्यामुळें, या ताडपत्रीचेंच एक सुधारलेलें रूप तेथें प्रचारांत आलें आहे. चटईप्रमाणें गुंडाळतां येणारें, दोन्ही बाजूंस धातूच्या पट्ट्यांवर बसणारें आणि एकट्या माणसास सहज उघडतां-मिटतां येणारें असें हें मऊ आच्छादन होय. तें गाडीवर कसें बसवावें, बसवितांना कोणत्या गोष्टींस जपावें, आणि बसविल्यानंतरहि त्याच्यावर कोणत्या बाबतींत विसंबूं नये, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय दिसावयास लहान आहे. वस्तु बाजारांत तयार मिळते, बसविण्याचें काम घरच्या अंगणांत दोन-तीन तासांत होतें, म्हणून पुष्कळ मालक तें घाईनें उरकतात. आणि पहिल्याच पावसांत आंतील माल भिजला म्हणजे दोष कापडाच्या माथीं मारतात. वस्तुतः कापड बहुधा निर्दोष असतें. दोष असतो तो त्याच्या खालच्या चौकटींत. आधीं चौकट, मग कापड, हें या कामाचें मुख्य सूत्र आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्या सूत्राचाच विस्तार आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

प्रथम या गाडीची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. मोटारी नव्यानें निघाल्या तेव्हां अमेरिकेंतील शेतकरी बसावयाच्या मोटारीचा मागील भाग काढून टाकीत, तेथें लांकडी पेटी बसवीत, आणि तींतून आपला माल बाजारास नेत. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीस कारखान्यांतच मागें एक पोलादी हौदा जोडून ती विकावयास काढली. हा हौदा ५६ इंच लांब, ४० इंच रुंद व १३ इंच खोल असून गाडीची किंमत २८१ डॉलर होती. त्या एका वर्षांत अशा सुमारें ३४,००० गाड्या तयार झाल्या. आजच्या मोठ्या पिकअप गाडीचा हौदा साधारणपणें साडेपांच, साडेसहा किंवा आठ फूट लांब असतो. आणि चाकांवरील दोन फुगवट्यांच्या मध्यें चार फूट रुंदीचा प्लायवुडचा तक्ता सपाट बसावा इतकी जागा त्यांत ठेवलेली असते. पुढें चालकाची केबिन, मागें उघडतां येणारा फाळका, डाव्या-उजव्या अंगास पत्र्याच्या भिंती, आणि वर मोकळें आकाश, असें या हौद्याचें रूप असतें.

त्यावरील आच्छादनास इंग्रजींत ‘टोनो कव्हर’ असें नांव आहे. ‘टोनो’ हा मूळ फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ पिंप. जुन्या उघड्या मोटारींत मागील बैठकीचा भाग पिंपासारखा गोलसर असे, म्हणून त्यास हें नांव पडलें. मागें कोणी बसावयाचें नसेल तेव्हां धूळ व पाऊस आंत जाऊं नये यासाठीं त्या बैठकीवर कापड ताणून बसवीत. पुढें ती बैठक गेली, तो गोलसरपणा गेला, पण कापडाचें नांव मात्र मागें राहिलें आणि तें पिकअप गाडीच्या चौकोनी हौद्यास येऊन चिकटलें. भाषेंत अशीं उदाहरणें पुष्कळ आढळतात.

आतां हें आच्छादन कशाचें केलेलें असतें तें पाहूं. मधोमध बळकट कृत्रिम धाग्याचें विणलेलें कापड आणि त्याच्या अंगावर व्हिनाइलचा लेप, अशी त्याची घडण असते. व्हिनाइल हा मूळचा टणक व ठिसूळ पदार्थ. अमेरिकेंतील ओहायओ राज्यांत गुडरिच या रबर कंपनींत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सीमन यांनीं १९२६ सालीं तो मऊ व लवचिक करण्याची कृति शोधून काढली, आणि तेव्हांपासून पाणी न शोषणाऱ्या कापडाचें एक नवें युगच सुरू झालें. आच्छादनाच्या दोन्ही कडा धरून ठेवण्यासाठीं जी खरखरीत पट्टी वापरतात तिचा इतिहासहि मनोरंजक आहे. स्वित्झर्लंडमधील जॉर्ज द मेस्त्राल हे इंजिनिअर १९४१ सालीं कुत्र्यास घेऊन रानांत गेले असतां त्यांच्या कपड्यांस व कुत्र्याच्या केसांस कांटेरी बोंडें चिकटलीं. आपल्याकडे रानांतून चालतांना धोतरास कुसळें चिकटतात, त्यांतलाच हा प्रकार. मेस्त्राल यांनीं तीं बोंडें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं, तेव्हां प्रत्येक कांट्याच्या टोकाशीं एक बारीक आंकडा असून तो धाग्यांच्या वेटोळ्यांत अडकतो असें त्यांच्या ध्यानांत आलें. एका पट्टीवर आंकडे व दुसरीवर वेटोळीं अशी ‘वेल्क्रो’ नांवाची जोडी त्यांतून निर्माण झाली. दाबली कीं धरते, ओढली कीं सुटते. या पट्टीची पकड मात्र दोन्ही अंगें पूर्णपणें एकमेकांवर आलीं तरच खरी. अर्धवट आलीं तर वाऱ्याच्या एका झोतानें ती उकलूं लागते. पुढील सर्व मोजमापाचें कारण येथें आहे.

आच्छादनाचे मुख्य भाग चार. पहिला, हौद्याच्या डाव्या व उजव्या भिंतीवर बसावयाच्या ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या. दुसरा, त्या पट्ट्या भिंतीच्या आंतील कडेस घट्ट धरणारे शिकंजे. एकेका बाजूस हे बहुधा तीन-चार असतात, व हौदा लांब असेल तर अधिक. तिसरा, खुद्द गुंडाळलेलें कापड; याच्या पुढील टोकास एक व मागील टोकास एक असे आडवे दांडे असतात, आणि मध्यें थोड्या थोड्या अंतरावर किंचित् कमानीसारखे वांकलेले दांडे असतात, कीं ज्यांच्यामुळें कापड खोलगट न पडतां त्यावरील पाणी बाजूंस ओघळून जावें. चवथा भाग म्हणजे पाणी अडविणाऱ्या रबरी किंवा फोमच्या पट्ट्या. हत्यारें फार लागत नाहींत. एक-दोन पाने, मोजावयाची फीत, पुसावयाचीं फडकीं आणि साबणाचें पाणी एवढ्यावर काम भागतें. पुष्कळ आच्छादनांस गाडीच्या पत्र्यांत भोकेंहि पाडावीं लागत नाहींत, आणि तें बरेंच आहे; कारण पत्र्यास भोंक पडलें कीं तेथें गंजास वाट मिळाली.

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा राज्यांत राहणाऱ्या एखाद्या सुताराची येथें कल्पना करावी. त्या प्रदेशांत उन्हाळ्यांत पारा तीस अंशांच्या वर जातो आणि हिवाळ्यांत शून्याखालीं वीस अंशांपर्यंत उतरणें ही नवलाची गोष्ट नव्हे. सुताराचीं सर्व हत्यारें गाडींत. विजेवर चालणारी करवत, रंधा, गिरमीट, खिळ्यांचे डबे आणि घरमालकाच्या पैशानें आणलेले प्लायवुडचे तक्ते. तक्ता भिजला तर फुगतो व त्याचे पापुद्रे सुटतात. यंत्र भिजलें तर दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. अशा माणसास आच्छादन ही हौसेची वस्तु नव्हे. तो तें कसें बसवील, तें पायरी-पायरीनें पाहूं.

तो प्रथम दिवस निवडील. व्हिनाइल थंडींत ताठरतें व आखडतें; म्हणून हवा निदान वीस अंशांच्या आसपास असेल अशा उबदार दिवशीं हें काम हातीं घ्यावें. आपल्याकडे डफाचें किंवा हलगीचें कातडें पावसाळी हवेंत सैल पडतें आणि शेकोटीच्या उबेस धरलें म्हणजे पुन्हां ताणलें जातें, हें सर्वांस ठाऊक आहे. व्हिनाइलची तऱ्हा याच्या अगदीं उलट आहे. तें उन्हानें सैल होतें व थंडीनें ताणलें जातें. कडाक्याच्या थंडींत खोक्यांतून काढून तसेंच ओढून ताणलें तर कडेची शिवण उसवण्याचा संभव. भर उन्हांत तापलेल्या स्थितींत पूर्ण ताणलें तर हिवाळ्यांत तें इतकें आखडतें कीं मागील दांडा आपल्या जागीं बसेनासा होतो. खोकें उघडतांना लांब पात्याचा चाकू वापरूं नये, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. कापडास पहिली चीर बहुधा याच वेळीं पडते.

मग तो हौद्याची कड स्वच्छ करील. भिंतीच्या वरच्या व आंतल्या कडेवर धूळ, मेण, जुना चिकटा कांहीं राहूं देऊं नये. रबरी पट्टीचा डिंक धुळीवर बसला तर तो धुळीस चिकटतो, पत्र्यास नव्हे. हौद्यास प्लास्टिकचें अस्तर बसविलेलें असेल आणि तें भिंतीच्या कडेवरून आलेलें असेल, तर शिकंजे जेथें यावयाचे तेथें अस्तरास खांचा पाडाव्या लागतात. शिकंज्यानें पत्रा धरला पाहिजे. प्लास्टिक उन्हानें मऊ होतें, दाबानें चेपतें, आणि आज घट्ट वाटलेला शिकंजा महिन्याभरांत सैल पडतो.

यानंतर हौद्याच्या पुढील भिंतीवर, म्हणजे केबिनकडील अंगास, रबरी पट्टी चिकटवावयाची असते. ती एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अखंड यावी. ओढून चिकटविली तर ती पुढें आखडते व कोपऱ्यांत फट पडते. म्हणून न ताणतां, बोटानें दाबीत दाबीत बसवावी. आच्छादनाखालीं येणाऱ्या पाण्याचा मोठा वांटा या पुढच्या दोन कोपऱ्यांतूनच येतो.

आतां मुख्य काम, तें चौकटीचें. दोन्ही पट्ट्या भिंतींवर ठेवून पुढें केबिनकडे पूर्ण सरकवाव्या, आणि शिकंजे नुसते हातानें लावावे. पाना अद्याप हातीं घेऊं नये. मग फीत घेऊन दोन पट्ट्यांमधील अंतर तीन ठिकाणीं मोजावें: पुढें, मध्यें व मागें. हीं तिन्ही मापें सारखीं आलीं पाहिजेत. हौद्याच्या लांब भिंती मधल्या भागीं किंचित् बाहेर फांकलेल्या असण्याचा संभव असतो, म्हणून मधलें माप कधींहि वगळूं नये. तेवढ्यानेंहि भागत नाहीं. दोन बाजू समांतर असल्या तरी एक पट्टी दुसरीच्या पुढें सरकलेली असूं शकते. यासाठीं दोन कर्ण मोजावे: पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक, व पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत दुसरा. समांतरभुज चौकोनाचे दोन कर्ण सारखे भरले म्हणजे तो काटकोन चौकोन ठरतो, हा भूमितींतला सिद्धांत शाळेंत सर्वांनीं शिकलेला असतो. त्याचा येथें रोकडा उपयोग आहे.

एवढी काटेकोरपणाची आवश्यकता काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर हिशेबानें देतां येतें. साडेसहा फूट लांब व पांच फूट रुंद असा हौदा घेऊं. कापडाचा पुढील दांडा जर एका टोकास फक्त अर्धा इंच तिरपा बसला, तर कापड उलगडत मागच्या टोकाशीं जाईपर्यंत अर्ध्या इंचाहून अधिक एका बाजूस सरकलेलें असतें. वेल्क्रोची पट्टी जेमतेम बोट-दोन बोटें रुंद. म्हणजे एका बाजूस तिची पकड निम्मी राहिली, आणि दुसऱ्या बाजूस कापडास सुरकुती पडली. पुढें मालक ती सुरकुती जावी म्हणून कापड अधिक ताणतो. त्यामुळें पकड असलेल्या बाजूवर दुप्पट भार येतो. आणि मग एके दिवशीं शिवण उसवते. मूळ चूक अर्ध्या इंचाची, ती चौकटींतली, व शिक्षा मात्र कापडास.

मापें जुळलीं म्हणजे पट्टीची उंची पाहावी. तिचा वरचा काठ भिंतीच्या कडेशीं सर्वत्र सारखा असावा. फाळका एकदां सावकाश लावून पाहावा. तो पट्टीच्या टोकावर आदळत असेल तर पट्टी पुढें सरकविणें जरूर आहे. हें सर्व ठीक असल्याची खात्री पटल्यावरच पाना घ्यावा, आणि पुढील शिकंज्यापासून आरंभ करून मागें येत, एकदां डावा व एकदां उजवा, अशा क्रमानें ते आवळावे. विजेचें यंत्र लावून आवळण्याचा मोह टाळावा. ॲल्युमिनियम मऊ धातु आहे व हौद्याचा पत्राहि पातळ असतो. अति आवळलें तर दोन्ही वांकतात, आणि वांकलेली कड सरळ होत नाहीं. आवळून झाल्यावर मापें पुन्हां एकदां घ्यावीं, कारण आवळतांना पट्टी किंचित् हलते.

चौकट अशी सिद्ध झाली म्हणजे कापडाचें काम सोपें होतें. गुंडाळी केबिनजवळ ठेवून तिचा पुढील दांडा दोन पट्ट्यांच्या टोकांवर बसवावा. डावीकडे व उजवीकडे कापड सारखेंच बाहेर आलें आहे ना, हें मोजून पाहावें, आणि मगच तो दांडा पक्का करावा. नंतर कापड हळूहळू मागें उलगडीत न्यावें. कडा वेल्क्रोवर पुढून मागें, तळहातानें दाबीत बसवाव्या. शेवटीं मागील दांडा त्याच्या खांचेंत बसवून फाळका लावावा. नव्या कापडास खोक्यांतल्या घड्यांच्या सुरकुत्या असतात. त्या पाहून घाबरूं नये. दोन-चार दिवसांचें ऊन लागलें म्हणजे त्या आपोआप नाहींशा होतात.

ताण कमी-जास्त करण्यासाठीं दांड्याजवळ स्क्रू किंवा कळ असते. ताण किती असावा? तळहातानें मधोमध दाबलें असतां कापड थोडें दबावें व हात काढतांच वर यावें, इतका. ताशासारखें टणत्कार करणारें कापड दिसावयास झोंकदार दिसतें, पण पहिल्या हिमवर्षावांत तेंच प्रथम फाटतें. उलट सैल कापडाचा धोका पाण्याचा. वर सांगितलेल्या हौद्याचें क्षेत्रफळ सुमारें तीन चौरस मीटर होतें. त्यावर एक सेंटिमीटर पाणी सांचलें तर तें ३० लिटर, म्हणजे ३० किलो वजन झालें. कापड जेथें खोलगट तेथें पाणी जमतें. पाणी जमलें कीं खोलगटपणा वाढतो. तो वाढला कीं आणखी पाणी तिकडे धांवतें. हें दुष्टचक्र एकदां सुरू झालें म्हणजे कमानीचे दांडेहि वांकतात. ताज्या भुसभुशीत बर्फाचेंहि असेंच आहे. एक फूट थर साठला तर या आच्छादनावर पाऊण ते एक क्विंटल भार सहज येऊं शकतो, आणि बर्फ ओलें असेल तर त्याहून कितीतरी अधिक. मिनेसोटांतील सुतारानें म्हणून बर्फ पडलें कीं मऊ कुंच्यानें तें झाडून टाकलें पाहिजे. लोखंडी फावडें त्यास लावूं नये.

काम संपल्यावर परीक्षा घ्यावी. परीक्षा सोपी आहे. हौद्यांत कोरडे कागद पसरावे, आच्छादन लावावें, आणि बादलीनें किंवा नळीनें वरून पाणी ओतावें. पांच-दहा मिनिटांनीं उघडून पाहिलें म्हणजे कागदावरील ओले डाग गळतीची जागा बोट दाखवून सांगतात. पुढील कोपऱ्यांत डाग असतील तर रबरी पट्टी पाहावी. बाजूंस असतील तर शिकंजे व पट्टीची उंची पाहावी. मागें असतील तर फाळक्याच्या फटी पाहाव्या. फाळक्याच्या बिजागरीजवळ मूळ गाडींतच फट असते. ती बुजविण्यास वेगळी रबरी पट्टी लागते. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. कोणतेंहि मऊ आच्छादन हौद्यास हंड्यासारखा जलाभेद्य करीत नाहीं. पावसाचा मारा तें अडवितें. चार थेंब आंत येणारच. म्हणून ज्यास पाण्याचा एक थेंबहि सोसत नाहीं अशी वस्तु वेगळ्या पेटींत ठेवणें हेंच शहाणपणाचें.

आठवडाभर गाडी चालविल्यानंतर सर्व शिकंजे एकदां पुन्हां तपासावे. हादऱ्यांनीं ते आपल्या जागीं मुरतात आणि किंचित् सैल पडतात. पुढें वर्षांतून दोनदां, ऋतु बदलतांना, ताण व शिकंजे पाहावे. कापड साबणाच्या पाण्यानें धुवावें. रॉकेल, पेट्रोल किंवा तेलकट चकाकी देणारे पदार्थ त्यास लावूं नयेत. व्हिनाइलला मऊ ठेवणारें द्रव्य त्यांच्यामुळें निघून जातें आणि कापड तडकूं लागतें. ओलें कापड गुंडाळून दिवसचे दिवस ठेवलें तर बुरशी धरते, हेंहि ध्यानांत असावें.

गाडी हांकतांना पाळावयाचा नियम एकच, पण तो मोडल्यास दुसऱ्याचा जीव धोक्यांत येतो. कापड एक तर पूर्ण लावलेलें असावें, नाहीं तर पूर्ण गुंडाळून पट्ट्यांनीं केबिनजवळ बांधलेलें असावें. अर्धवट स्थितींत गाडी हांकूं नये. ताशीं १०५ किलोमीटर वेगानें जाणाऱ्या गाडीसमोर हवेचा जो झोत येतो, त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारें ५० किलो असतो. कापडाच्या वरील हवेचा दाब कमी व खालील अधिक झाला म्हणजे तें शिडासारखें फुगून वर उचललें जातें. या झोताचा दहावा हिस्सा जरी फरक पडला, तरी तीन चौरस मीटरच्या कापडास पंधरा किलोचा उचल मिळतो. सुटलेला दांडा व फडफडणारें कापड मागून येणाऱ्या मोटारीच्या कांचेवर जाऊन आदळलें तर काय होईल, हें सांगावयास नकोच.

आतां, हें आच्छादन काय करीत नाहीं तें सांगून हा विषय संपवावयाचा आहे, आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

पहिली गोष्ट. आच्छादन माल झांकतें, बांधीत नाहीं. वर कापड आहे म्हणून खालील शिडी, तक्ते, यंत्रें मोकळीं सोडूं नयेत. अचानक थांबावें लागलें तर तीं केबिनच्या भिंतीवर आदळतात, आणि अपघातांत कापड फाडून रस्त्यावर येतात. त्यांस हौद्यांतील कड्यांस पट्ट्यांनीं स्वतंत्र बांधलें पाहिजे. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत २००४ सालीं दुसऱ्या गाडीवरून निसटलेल्या सामानामुळें एक तरुणी भयंकर जखमी झाली, आणि पुढच्याच वर्षीं तेथील विधिमंडळानें माल नीट न बांधल्यामुळें कोणास इजा झाल्यास तो फौजदारी गुन्हा ठरविला.

दुसरी गोष्ट. आच्छादन चोराच्या नजरेआड करतें, चोरास अडवीत नाहीं. कापडाचा अडसर एका चाकूपुरता. रात्रीं हत्यारें घरांत न्यावीं किंवा कुलूपबंद पेटींत ठेवावीं.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. आच्छादनाखालीं माणूस, मूल किंवा मुकें जनावर कधींहि बसवूं नये. धांवत्या गाडीच्या मागें हवेचा दाब कमी होतो व तेथें एक भोंवरा उत्पन्न होतो. एंजिनाचा धूर त्या भोंवऱ्यांतून परत हौद्यांत ओढला जाऊं शकतो. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक बळानें जखडतो. १९९२ सालीं अमेरिकेंतील वैद्यकसंस्थेच्या नियतकालिकांत सिअ‍ॅटल येथील डॉक्टरांनीं अशा २० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. हीं सर्व मुलें पिकअप गाडीच्या मागील भागांत बसून प्रवास करीत होतीं; सतरा मुलें टणक छताखालीं होतीं आणि तीन मुलें नुसत्या ताडपत्रीखालीं. त्यांपैकीं एक मूल दगावलें. ज्या कापडाखालीं तक्ते सुरक्षित असतात त्याच कापडाखालीं मूल सुरक्षित नसतें, ही गोष्ट वस्तु विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनावर ठसली पाहिजे.

श्रोतेहो, तात्पर्य इतकेंच कीं, पुढच्या वेळीं गळती दिसली तर सुताराचा हात प्रथम कापडाकडे न जातां फितीकडे जावा. दोन्ही बाजू मोजाव्या, दोन्ही कर्ण मोजावे, शिकंजे बेतानें आवळावे, आणि मग कापड घालावें. एवढें केलें तर एक साधी गुंडाळी कष्टकरी माणसाची मजुरी ऊन-पावसांतून वर्षानुवर्षें राखते. तिच्याकडून तेवढेंच काम घ्यावें. माल बांधण्याचें काम पट्ट्यांचें, राखणीचें काम कुलुपाचें, आणि मुलांची जागा केबिनमध्यें.